शिक्षकाचा सब्र

संस्थेच्या कार्यालयात पगाराची चौकशी करून रिकाम्या हाताने बाहेर पडणाऱ्या शिक्षकाला आपण काय म्हणतो? ‘सब्र करा.’ दिवसभर वर्ग सांभाळून रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर शाळेची माहिती भरत बसणाऱ्या शिक्षिकेला आपण काय म्हणतो? ‘सब्र करा, बहेनजी, अल्लाह सब्र करणाऱ्यांसोबत आहे.’ हे वचन सत्य आहे. अल्लाह सब्र करणाऱ्यांसोबत असल्याची ग्वाही दिव्य कुरआन वारंवार देतो. परंतु आपण हा शब्द ज्या सहजतेने उच्चारतो, त्या सहजतेत एक धोका दडलेला आहे. शब्द उच्चारला की आपली जबाबदारी संपली असे आपल्याला वाटते. आणि ऐकणाऱ्याला वाटते की मुकाट्याने सोसत राहणे, थकलो आहे असे न म्हणणे, कोणाची मदत न मागणे हीच अल्लाहला प्रिय असलेली वागणूक होय.

माझ्या परिचयातील एका विनाअनुदानित शाळेतील शिक्षकाची गोष्ट सांगतो. गणित शिकवावे तर त्यांनीच, असा त्यांचा लौकिक होता. सकाळी शाळा, सायंकाळी शिकवण्या, सुटीच्या दिवशी मेहुण्याच्या दुकानात हिशेब, असा त्यांचा दिनक्रम अनेक वर्षे चालला. एके दिवशी एका मुलाने तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला, तेव्हा त्यांनी हातातील वही त्याच्या अंगावर भिरकावली. रात्री इशाच्या नमाजनंतर ते मशिदीच्या पायरीवर बसून मला म्हणाले, “मुलाचा राग नव्हता हो. माझ्यातच काही उरले नव्हते.” मी त्यांना काय म्हणालो? तेच, जे सगळे म्हणतात. ‘सब्र करा.’ त्यांनी मान हलवली आणि ते उठून गेले. त्या रात्रीनंतर मी या शब्दाचा अर्थ कुरआनमध्ये पुन्हा शोधू लागलो. त्या अभ्यासातून जे हाती लागले, ते आज आपल्यापुढे ठेवत आहे. आपण शिक्षक असाल तर स्वतःसाठी वाचा. नसाल तर आपल्या मुलांना घडवणाऱ्यांसाठी वाचा.

ओझे कोणते आहे?

उपाय सांगण्यापूर्वी ओझ्याचे नाव घेणे आवश्यक आहे. आपल्या राज्यात सन २००० पासून शिक्षणसेवक योजना आहे. नवनियुक्त शिक्षकाला पहिली तीन वर्षे पूर्ण वेतनाऐवजी मानधनावर काम करावे लागते. दीर्घकाळ हे मानधन प्राथमिक स्तरावर केवळ ६,००० रुपये होते. २०२३ मध्ये ते १६,००० रुपये झाले. ‘कायम विनाअनुदानित’ शाळांच्या मान्यतेतील ‘कायम’ हा शब्द २००९ मध्ये वगळण्यात आला. तथापि त्यानंतरचे अनुदान २०, ४०, ६० टक्के अशा टप्प्यांनी येत राहिले आणि अनेक शिक्षकांचे ऐन उमेदीचे आयुष्य एका टप्प्याकडून दुसऱ्या टप्प्याकडे डोळे लावण्यात गेले. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढ्याच अशैक्षणिक कामांसाठी शिक्षकांना जुंपता येते. परंतु माहिती, अहवाल, छायाचित्रे आणि ॲप यांची मागणी कोणत्या कलमात बसते, हे विचारण्याची सोय सामान्य शिक्षकाला नसते.

त्यातच मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. राज्यात बहुतेक वर्ग प्रत्यक्ष भरू लागले ते ४ ऑक्टोबर २०२१ पासून, आणि लहान मुलांचे वर्ग तर त्याहूनही उशिरा. दीड वर्षानंतर परतलेली मुले अक्षरे विसरली होती आणि काही मुले परतलीच नाहीत. त्या तुटलेल्या धाग्याचे टोक शिक्षक अजून शोधत आहेत. अलीकडे १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की निवृत्तीस पाच वर्षांपेक्षा अधिक काळ असलेल्या सेवेतील शिक्षकांनीही दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा, अर्थात टीईटी, उत्तीर्ण व्हावे. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न न्यायालयाने मोठ्या पीठाकडे सोपवला आहे. पंधरा-वीस वर्षे वर्गात उभ्या असलेल्या माणसाने पुन्हा परीक्षेला बसणे योग्य की अयोग्य, हा आजच्या लेखाचा विषय नाही. परंतु या निर्णयाने अनेक घरांतील झोप उडाली आहे, एवढे आपण जाणून असावे.

दीर्घकाळ अशा ताणाखाली काम करणाऱ्या माणसाचे काय होते? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये या अवस्थेचे वर्णन करताना तिची तीन लक्षणे सांगितली आहेत. पहिले, शक्ती संपून गेल्यासारखा थकवा. दुसरे, कामापासून मनाने दूर जाणे व कामाविषयी कडवटपणा. तिसरे, आपल्या हातून काही साध्य होत नाही ही भावना. संघटनेने ही अवस्था आजारांच्या गटात धरलेली नाही; कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ राहिलेल्या आणि नीट न हाताळल्या गेलेल्या ताणाचा तो परिणाम मानला आहे. म्हणजेच दोष एकट्या माणसाच्या दुबळेपणात शोधणे चुकीचे आहे. वर सांगितलेल्या शिक्षकाच्या एका वाक्यात ही तिन्ही लक्षणे होती. मला ती त्या वेळी ऐकू आली नाहीत.

सब्र या शब्दाचा अर्थ

अरबी भाषेत सब्र या शब्दाच्या मुळाशी रोखून धरणे, आवरणे हा अर्थ आहे. जिभेला अनुचित बोलण्यापासून रोखणे, हाताला अन्यायापासून रोखणे, मनाला निराशेत वाहून जाण्यापासून रोखणे आणि पावलांना कर्तव्याच्या जागी स्थिर ठेवणे हा सब्र होय. वेदना न होणे किंवा वेदना लपवणे हा त्याचा अर्थ नाही.

याचे स्पष्ट उदाहरण हजरत याकूब (अलै.) यांचे आहे. पुत्रवियोगाच्या प्रसंगी त्यांनी सुंदर सब्र करण्याचा निर्धार केला, असे सूरह यूसुफमध्ये (१२:१८) आले आहे. त्याच सूरहमध्ये पुढे (१२:८४) सांगितले आहे की दुःखाने त्यांचे डोळे पांढरे पडले. घरच्यांनी टोकले तेव्हा त्यांनी उत्तर दिले की आपल्या व्यथेचे गाऱ्हाणे आपण अल्लाहपुढेच मांडत आहोत (१२:८६). अश्रूंमुळे त्यांच्या सब्रची सुंदरता उणावली नाही. म्हणून, शिक्षक बंधू-भगिनींनो, वर्ग संपल्यावर रिकाम्या खोलीत आपले डोळे भरून आले, तर आपले ईमान कमकुवत झाले असे समजू नका.

कुरआन सब्रचा केवळ आदेश देऊन थांबत नाही. तो सब्र करण्याची साधनेही देतो. प्रेषितांची जीवनचरित्रे या दृष्टीने वाचली पाहिजेत. प्रेषित हे मानवजातीचे शिक्षक होते. आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांनी स्वतःविषयी सांगितले की अल्लाहने आपल्याला कठोर म्हणून पाठविले नाही, तर शिकवणारा आणि सुलभ करणारा म्हणून पाठविले आहे (सहीह मुस्लिम). शिक्षकाच्या थकव्यावरचा उपाय या सर्वश्रेष्ठ शिक्षकांच्या जीवनात नसेल, तर कोठे असेल?

पहिले साधन : शरीराचा हक्क

हजरत यूनुस (अलै.) यांचा वृत्तांत आपण सर्व जाणतो. लोक ऐकत नाहीत म्हणून रागाने ते आपले कार्यक्षेत्र सोडून निघाले, माशाच्या पोटातील अंधारात त्यांनी अल्लाहला आळवले आणि त्यांची सुटका झाली. बहुधा येथेच आपले कथन संपते. परंतु सूरह अस-साफ्फात त्यापुढचा तपशील सांगते आणि थकलेल्या शिक्षकासाठी तोच सर्वांत मोलाचा आहे. किनाऱ्यावर आले तेव्हा ते आजारी होते. अल्लाहने त्यांच्यावर एक वेल उगवली (३७:१४५-१४६). त्यानंतर त्यांना एक लाख किंवा त्याहून अधिक लोकांकडे पाठविल्याचा उल्लेख आहे (३७:१४७), आणि त्या लोकांनी श्रद्धा स्वीकारली.

हा क्रम लक्षात घ्या. उघड्या किनाऱ्यावर आजारी पडलेल्या आपल्या दासाला आधी सावली मिळाली, मग एक लाखाची जबाबदारी. काम सोडून गेल्याबद्दल त्यांना शिकवण मिळालीच होती. परंतु कर्तव्याकडे परत जाण्याचा मार्ग विश्रांतीतून गेला. ज्याला स्वतः अल्लाहने जागा दिली, त्या विश्रांतीला आपण आळस म्हणणार काय?

दुसरा प्रसंग माननीय अबू दरदा (रजि.) यांचा आहे. प्रेषित (स.) यांनी त्यांच्यात आणि माननीय सलमान फारसी (रजि.) यांच्यात बंधुत्वाचे नाते जोडले होते. सलमान (रजि.) त्यांच्या घरी गेले तेव्हा घरात उदासी दिसली. अबू दरदा दिवसा रोजे ठेवत आणि रात्रभर नमाजमध्ये उभे राहत; संसाराकडे त्यांचे लक्ष नव्हते. सलमान यांनी त्यांना आग्रहाने जेवायला बसवले. रात्री ते नमाजसाठी उठू लागले तेव्हा झोपायला सांगितले. पुन्हा उठले, पुन्हा झोपायला सांगितले. रात्रीच्या अखेरच्या प्रहरी दोघांनी उठून नमाज अदा केली. मग सलमान यांनी समजावले की तुमच्यावर तुमच्या पालनकर्त्याचा हक्क आहे, तुमच्या स्वतःचा हक्क आहे आणि तुमच्या कुटुंबाचाही हक्क आहे. ज्याचा त्याचा हक्क द्या. हे प्रेषित (स.) यांच्या कानी गेले तेव्हा त्यांनी सलमान यांचे म्हणणे खरे ठरवले (सहीह बुखारी).

हेच अबू दरदा (रजि.) पुढे दमास्कसमध्ये कुरआनचे थोर शिक्षक झाले. त्यांच्याकडे शिकणाऱ्यांची संख्या मोठी होती. चरित्रकार सांगतात की ते विद्यार्थ्यांचे दहा-दहांचे गट करीत, प्रत्येक गटावर एक जाणता विद्यार्थी नेमत आणि स्वतः सर्वांवर देखरेख ठेवत. कामाची वाटणी ही थोर शिक्षकांची रीत आहे. सगळे आपणच केले पाहिजे, हा आग्रह त्यांनीही धरला नाही.

दुसरे साधन : कर्तव्याची सीमा ओळखणे

शिक्षकाला सर्वाधिक पोखरणारी गोष्ट कोणती? श्रम नव्हेत. श्रम करूनही मूल शिकत नाही, शाळा सोडून कामाला जाते, आठवीतील हुशार मुलीचा निकाह ठरल्याची बातमी येते, तेव्हा मन खचते. ‘माझ्या शिकवण्याचा उपयोग काय?’ हा प्रश्न थकव्यापेक्षा भारी असतो.

या प्रश्नापाशी हजरत नूह (अलै.) यांना आठवा. सूरह नूहमध्ये (७१:५-९) त्यांचे जे निवेदन आहे, ते एखाद्या शिक्षकाच्या अहवालासारखे आहे. त्यांनी रात्रंदिवस बोलावले. लोकांनी कानांत बोटे घातली, अंगावर कपडे ओढून घेतले. मग त्यांनी पद्धत बदलली. उघडपणे सांगितले, जाहीरपणे सांगितले, एकांतात गुपचूपही समजावले. सूरह अल-अनकबूत (२९:१४) त्यांच्या वास्तव्याचा काळ पन्नास कमी हजार वर्षे सांगते. आणि निष्पत्ती? त्यांच्यासोबत श्रद्धा ठेवणारे थोडकेच होते (११:४०). खुद्द त्यांचा पुत्रही नौकेत बसला नाही. आजच्या मोजमापाने हा निकाल अगदी कमी टक्क्यांचा भरेल. तरीही अल्लाहच्या दरबारात नूह (अलै.) यशस्वी प्रेषितांपैकी आहेत, कारण त्यांना विचारले जाणार होते ते त्यांच्या प्रयत्नांविषयी, आणि त्यात त्यांनी कसूर ठेवली नव्हती.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनाही लोकांच्या नकाराचे अतोनात दुःख होत असे. सूरह अल-कहफ (१८:६) आणि सूरह अश-शुअरा (२६:३) येथे अल्लाह त्यांना ममतेने विचारतो की हे लोक श्रद्धा ठेवत नाहीत म्हणून तुम्ही दुःखाने आपला जीव गमावणार आहात काय? सूरह अल-गाशियहमध्ये (८८:२१-२२) त्यांच्या कर्तव्याची सीमाच आखून दिली आहे : उपदेश करीत राहा, तुम्ही उपदेश करणारे आहात, त्यांच्यावर जबरदस्ती करणारे अधिकारी नव्हे. ज्यांना साऱ्या विश्वासाठी पाठविले गेले, त्यांच्यावर परिणामाचे ओझे ठेवले गेले नाही. मग ते आपण कशासाठी उचलतो?

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. परिणाम आपल्या हाती नाही म्हणजे शिकवणे कसेही असले तरी चालेल, असा याचा अर्थ मुळीच नाही. नूह (अलै.) यांनी पद्धती बदलून पाहिल्या. ज्या मुलाला समजत नाही, त्याच्यासाठी दुसरा मार्ग शोधणे, शाळेत न येणाऱ्या मुलाच्या घरी जाणे, मुलीच्या वडिलांशी बोलणे ही कर्तव्याच्या आतील कामे होत. ती केल्यावर रात्री स्वतःला दोषी ठरवत जागणे मात्र त्या सीमेबाहेरचे आहे. प्रेषित (स.) यांची शिकवण आहे की जे लाभदायक आहे त्याची हाव धरा, अल्लाहची मदत मागा आणि हतबल होऊ नका, संकट आल्यावर ‘मी असे केले असते तर’ या विचाराला थारा देऊ नका, कारण तो सैतानासाठी दार उघडतो (सहीह मुस्लिम). प्रयत्नांचा आग्रह आणि पश्चात्तापाच्या चक्रातून सुटका या दोन्ही गोष्टी येथे एकत्र सांगितल्या आहेत.

तिसरे साधन : सोबत

हजरत मूसा (अलै.) यांच्यावर फिरऔनकडे जाण्याची जबाबदारी आली तेव्हा त्यांनी काय मागितले? आपल्या अनेक शाळांत ही प्रार्थना मुलांकडून म्हणवून घेतली जाते : माझे हृदय विशाल कर, माझे काम सोपे कर, माझ्या जिभेची गाठ सोडव, अशा आशयाची. बहुतेक ठिकाणी ती येथेच थांबते. परंतु सूरह ताहामध्ये (२०:२९-३२) मूसा (अलै.) पुढे आणखी मागतात : माझ्या कुटुंबातून मला एक साहाय्यक दे, माझा भाऊ हारून, त्याच्या योगे माझी कंबर बळकट कर आणि त्याला माझ्या कामात सहभागी कर. अल्लाहने हे सारे मागणे मान्य केले (२०:३६). ‘एकट्याने जमत नसेल तर तू कसला प्रेषित?’ असे त्यांना कोणी विचारले नाही. मदत मागणे हा ईमानातील उणेपणा असता, तर कुरआनने ते प्रार्थनेच्या रूपात जतन केले नसते.

सूरह अल-अस्र तर आपल्या सर्वांना मुखोद्गत आहे. तोट्यातून वाचणाऱ्या माणसांचे चार गुण तिथे सांगितले आहेत. त्यांतील अखेरचा गुण म्हणजे एकमेकांना सब्रची ताकीद देणे. ‘एकमेकांना’ या शब्दावर थांबा. येथे सब्र ही दोन्ही बाजूंनी देण्या-घेण्याची गोष्ट आहे. जो दुसऱ्याला सब्र करायला सांगतो, तो त्याच्या ओझ्याखाली स्वतःचा खांदा देण्यास बांधील होतो.

आपल्याच भूमीतील एक उदाहरण पाहा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पुण्यात मुलींना आणि वंचितांना शिकवण्याचे काम महात्मा जोतीराव फुले आणि सावित्रीबाई यांनी आरंभले, तेव्हा त्यांच्यासोबत फातिमा शेख होत्या. त्यांच्याविषयी कागदोपत्री फार थोडे हाती लागते. परंतु सावित्रीबाईंचे १० ऑक्टोबर १८५६ चे एक पत्र उपलब्ध आहे. त्या आजारपणात माहेरी गेल्या होत्या. जोतीरावांना त्यांनी कळवले की प्रकृती पूर्ण बरी झाली की आपण परत येऊ. आपल्या गैरहजेरीत फातिमेला त्रास पडत असेल याची त्यांना चिंता होती, आणि फातिमा कुरकुर करणार नाही याची खात्रीही होती.

या ओळीकडे बहुधा फातिमांच्या सोशिकतेची पावती म्हणून पाहिले जाते. ती पावती आहेच. परंतु पत्र लिहिणारीकडेही पाहा. आजारी असताना तिने विश्रांती घेतली, कारण काम सांभाळणारी सहकारी होती; आणि दूर असूनही तिला आठवण राहिली की तक्रार न करणाऱ्या माणसालाही त्रास होतो. एका शिक्षिकेने दुसरीचे ओझे उचलले आणि दुसरीने त्याची जाणीव ठेवली. सूरह अल-अस्रमधील ‘एकमेकांना’ हा शब्द व्यवहारात उतरतो तो असा. आपल्या शाळेत कधीच तक्रार न करणारे शिक्षक कोण आहेत? त्यांची विचारपूस आधी करा.

कडवटपणावरचा उपायही सोबतीतच आहे. एकटा पडलेला माणूस आपला राग त्याच्याहून दुबळ्यावर काढतो, आणि वर्गात दुबळे कोण असते हे सांगायला नको. माननीय मुआविया बिन हकम (रजि.) नवखे असताना नमाजमध्ये मोठ्याने बोलले. लोकांनी त्यांच्याकडे रोखून पाहिले. नमाजनंतर प्रेषित (स.) यांनी त्यांना झिडकारले नाही, मारले नाही, कठोर शब्द वापरला नाही, नमाजमध्ये बोलणे योग्य नसते एवढेच समजावले. पुढे ते सांगत की असा उत्तम शिक्षक आपण आधीही पाहिला नाही आणि नंतरही नाही (सहीह मुस्लिम). चुकणाऱ्या मुलाच्या स्मरणात आपण कसे राहणार, हे त्या एका क्षणात ठरते. त्या क्षणी जिभेला आणि हाताला रोखणे हा शिक्षकाचा खरा सब्र. आणि त्यासाठी लागणारी शक्ती शिल्लक राहावी म्हणूनच विश्रांती आणि सोबत यांची गरज आहे.

समाजाची जबाबदारी

आता जे शिक्षक नाहीत त्यांच्याशी दोन शब्द. बद्रच्या युद्धातील ज्या कैद्यांकडे खंडणी देण्यास धन नव्हते पण लेखनकला होती, त्यांनी मदीनेतील दहा-दहा मुलांना लिहायला शिकवावे आणि मुक्त व्हावे, असे ठरल्याचे सीरतच्या ग्रंथांत नमूद आहे. ज्या समाजाने दहा मुलांच्या अक्षरओळखीची किंमत एका माणसाच्या मुक्ततेइतकी मानली, त्याचे वारस आपण आहोत. माननीय उमर (रजि.) यांच्या काळात मदीनेत मुलांना शिकवणाऱ्या तिघांना दरमहा पंधरा दिरहम दिले जात, असेही एका रिवायतीत आढळते. शिकवणे ही सेवा आहे म्हणून वेतनाचा विषय काढू नये, असे त्यांनी मानले नाही.

प्रेषित (स.) यांनी इशारा दिला आहे की तीन प्रकारच्या लोकांविरुद्ध निर्णयाच्या दिवशी अल्लाह स्वतः वादी असेल; त्यांपैकी एक म्हणजे मजुराकडून पूर्ण काम घेऊन त्याची मजुरी न देणारा (सहीह बुखारी). शिक्षणसंस्था चालवणाऱ्यांनी, मदरशांच्या व्यवस्थापकांनी आणि मशिदीच्या कमिट्यांनी हा इशारा आपल्या हिशेबाच्या वहीवर लिहून ठेवावा. ज्याच्याकडे हक्क द्यायचा आहे, त्याने हक्कदाराला सब्रचा उपदेश करू नये; आधी देणे चुकते करावे. शिक्षकांनी आपले हक्क सनदशीर मार्गाने, संघटितपणे आणि सभ्यतेने मागणे सब्रच्या विरुद्ध नाही. पालकांनीही लक्षात ठेवावे की गटावर रात्री अकरा वाजता पाठवलेला प्रश्न सकाळपर्यंत थांबू शकतो.

आजपासून काय करावे?

शिक्षक बंधू-भगिनींनो, पाच वेळची नमाज ही आपल्या दिवसात अल्लाहने ठेवलेली विसाव्याची ठिकाणे आहेत. लोकांच्या बोलण्याने प्रेषित (स.) यांचे मन संकुचित होत असे, ते आपण जाणतो, असे अल्लाहने सांगितले आणि त्यावर तस्बीह व सजद्याचा उपाय दिला (१५:९७-९८). जुहरची नमाज घाईने उरकण्याऐवजी त्या दहा मिनिटांत फोन दूर ठेवा. ईशा आणि झोप यांच्यामध्ये शाळेचे काम येऊ देऊ नका. येणे अटळ असेल तर आठवड्यातील दिवस ठरवून घ्या. एक सहकारी निवडा आणि आठवड्यातून एकदा एकमेकांना खरे उत्तर द्या : कसे चालले आहे? प्रेषित (स.) चिंता आणि दुःख, असमर्थता आणि आळस, भित्रेपणा आणि कंजूषपणा, कर्जाचे ओझे आणि लोकांचा वरचढपणा यांपासून अल्लाहचा आश्रय मागत असत (सहीह बुखारी). शिक्षकाच्या जीवनातील कोणती अडचण या यादीतून सुटली आहे? ही दुआ पाठ करा आणि अर्थ समजून म्हणा.

आणि दोन-तीन आठवडे झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, मन कशातच रमत नसेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जा. प्रेषित (स.) यांनी उपचार घेण्याची आज्ञा दिली आहे, आणि मन हाही माणसाचा भाग आहे. शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क आहे आणि तो दिवसरात्र चालू असतो. दुआ आणि औषध यांत विरोध मानण्याचे कारण नाही. उंट बांधून मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, हीच आपली शिकवण आहे.

त्या गणिताच्या शिक्षकांकडे मी काही दिवसांनी पुन्हा गेलो. या वेळी ‘सब्र करा’ म्हणालो नाही; ‘ऑनलाइन भरायची माहिती माझ्याकडे द्या’ एवढेच म्हणालो. दुसऱ्या एका सहकाऱ्याने त्यांच्या दोन शिकवण्या घेतल्या. ते डॉक्टरांकडे गेले, महिनाभर नीट झोपले. पगार अजूनही वेळेवर होत नाही. त्यासाठीचा पाठपुरावा चालू आहे. पण ज्या मुलावर वही भिरकावली होती, त्याला त्यांनी सर्व वर्गासमोर जवळ बोलावून त्याची माफी मागितली आणि तोच प्रश्न चौथ्यांदा समजावून सांगितला.

अल्लाह आपल्या सर्व शिक्षकांचे हृदय विशाल करो, त्यांचे काम सोपे करो, त्यांना हारूनसारखे सोबती देवो. आणि आपल्याला कोणाचा तरी हारून होण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.